दिल्ली किती दूर?

‘अजून दिल्ली दूर आहे,’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. आज त्याचा रोख अपुऱ्या कार्याकडे असतो. एके काळी मात्र महाराष्ट्राने ते अक्षरशः अनुभवले होते.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातील परतूरहून निघाले. दिल्ली त्यांच्या हाती आली ती ऑगस्टच्या आरंभी. तोफा, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांसह चालणाऱ्या त्या लष्कराला साडेचार महिने लागले. कासीद आणि सांडणीस्वार पुष्कळच वेगाने जात. तरीही १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो अनर्थ झाला, त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सुमारे दहा दिवसांनी माळव्यात भेलसे येथे मिळाली. पेशवे उत्तरेकडेच निघाले होते. परंतु ज्या फौजेच्या साहाय्यास ते जात होते, ती तोवर उरलीच नव्हती. अंतर हे कोसांनी मोजावयाचे नसते, वार्ता पोहोचण्यास लागणाऱ्या काळाने मोजावयाचे असते, हे पानिपताने शिकविले.

मुंबई आणि दिल्ली यांमधील अंतर आकाशमार्गाने सुमारे ११५० किलोमीटर भरते. लोहमार्गाने ते चौदाशेच्या जवळ जाते. या अंतरावर विमानाने मात केली, पण एका उड्डाणात नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस त्यांच्या चिमुकल्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली. तिचे मुक्काम होते इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर.

या नावांत मराठ्यांचा इतिहास आहे. इंदूर होळकरांचे, ग्वाल्हेर शिंद्यांचे. नर्मदा ओलांडून माळव्यातून, चंबळेच्या काठाने दिल्ली गाठावयाची, ही मराठी फौजांची जुनी वाट. याच वाटेवरील मुलखातून वर सरकत पहिले बाजीराव मार्च १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर कालकादेवीपाशी जाऊन धडकले होते. बरोबर दोनशे वर्षांनी विमानेही त्याच मुलखात विसावत दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर उतरू लागली. तो विमानतळ पुढे सफदरजंग या नावाने ओळखला गेला.

१९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री भोसल्यांच्या नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. सायंकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत पोहोचू लागले. पानिपताच्या वार्तेचे दहा दिवस एका रात्रीत मावले.

१९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सची कॅराव्हेल जेट विमाने आली आणि मुंबई-दिल्ली प्रवास सुमारे दोन तासांवर आला. आज पालमला उतरणाऱ्या प्रवाशाला इंदूर लागत नाही, ग्वाल्हेर लागत नाही. नर्मदा खालून केव्हा गेली हेही कळत नाही. दिल्ली जवळ आली, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु महाराष्ट्र आणि दिल्ली यांच्यामध्ये जे नुसते अंतर वाटते, तेथेच मराठ्यांनी दौलती उभारल्या, घाट बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. ते अंतर दोन तासांत ओलांडता येते. समजून घेण्यास मात्र अजूनही जमिनीवरूनच जावे लागते.