दात, दोष आणि काकतालीय न्याय

मी काही दातांचा डॉक्टर नाही; आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पण गेल्या वर्षी माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनल करायचं ठरलं, तेव्हा सकाळच्या फिरण्यातल्या एका स्नेह्यांनी मला बजावलं, ‘‘सर, मेलेला दात तोंडात ठेवू नका. त्यातलं विष सांध्यांत, हृदयात उतरतं. सरळ उपटून टाका.’’ हे मत आलं कुठून? शोधत गेलो, तो थेट १९१० सालात पोचलो.

त्या वर्षी विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिलं. किडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज चढवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी सडकून टीका केली. खाली पू आणि वर सोनं, यातून शरीरभर रोग पसरतात, असं त्यांचं म्हणणं. टीकेत तथ्य होतं, बरं का! तेव्हा क्ष-किरण नवे होते, पुष्कळ काम अंदाजानंच चाले. पण पुढे शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारख्यांनी या विचाराला सिद्धान्ताचं वजन दिलं. वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनल केलेले, काढलेले दात सशांच्या कातडीखाली पुरले. ससे आजारी पडले. १९२३ मध्ये त्यांनी हे सारं ग्रंथरूपानं मांडलं.

परिणाम काय झाला? संधिवात झाला, काढा दात. थकवा आला, काढा दात. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, आणि तेवढ्यानं भागलं नाही तेव्हा आतड्याचे भाग कापले. त्यात माणसं दगावली. कॉटन लबाड नव्हते. त्यांनी स्वतःचेही दात काढून घेतले. प्रामाणिक माणसाची चूक जास्त घातक ठरते, ती अशी.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही. दात काढल्यावर काहींना बरं वाटलं. पण न काढता किती जणांना बरं वाटलं असतं? हे कोणी मोजलंच नव्हतं. १९३८ मध्ये रसेल सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताचे २०० रुग्ण तपासले. दात काढून संधिवातात फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. यातले सेसिल आधी त्याच मताचे होते! स्वतःचं मत मोडायला निघालेला माणूस मला फार मोठा वाटतो. प्राइस यांच्या प्रयोगांतही तुलनेची सोय धड नव्हती आणि जंतूंचं प्रमाण अफाट होतं, हे नंतर दिसून आलं.

मग खरं कारण कोणतं? १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून आतला मगज उघडा केला. साध्या उंदरांत मगज सडला, मुळाशी पू झाला. जंतुरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांत मात्र भोकात अन्न अडकूनही जखम भरून आली. म्हणजे दोष दाताचा नाही, जंतूंचा!

रूट कॅनल म्हणजे हेच: जंतू आणि सडलेला मगज काढायचा, पोकळी धुवायची, गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकानं भरायची आणि वरून घट्ट बंद करायची. रुग्णानं एवढं ध्यानात ठेवावं. ठणका थांबला म्हणजे रोग गेला असं नाही. मगज मेला की ठणका थांबतो, जंतू राहतात. मेलेल्या मगजात रक्त पोचत नाही, म्हणून नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी काम होत नाही. उपचारानंतर दाढेवर बहुधा टोपी लागते; ती टाळली तर दाढ चिरू शकते. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून रबर डॅम लावणार का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. उपचार कधी फसतोही. तो पुन्हा करता येतो. आणि दात मुळापर्यंत उभा चिरला असेल, तर काढणंच शहाणपणाचं.

माझी दाढ अजून जागेवर आहे. आता यावर माझा एकच दाखला धरून रूट कॅनल चांगलं म्हणाल, तर तोही काकतालीय न्यायच!