दम्याच्या रोग्याला ताप आला तर?

पनवेल येथे १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. दमा हा त्या काळच्या वैद्यांच्या नेहमीच्या परिचयाचा रोग. ते ज्या ग्रंथांचा आधार घेत, त्यांपैकी चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार आहेत. त्यांतील 'तमक श्वास' आजच्या दम्याशी बराच जुळतो. तमक श्वासाबरोबर ताप आणि मूर्च्छा असेल तर त्याला 'प्रतमक' असे वेगळे नाव दिलेले आहे. म्हणजे चरकाला जंतू माहीत होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण ताप आलेला दमा वेगळा, हे निरीक्षण मात्र नोंदले गेले होते.

कारखाना निघाला तेव्हा न्यूमोनियाचा प्रमुख जंतू, न्यूमोकोकस, कोणीच ओळखलेला नव्हता. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. गंमत अशी, की स्टर्नबर्ग यांना तो स्वतःच्याच लाळेत सापडला, आणि ते तर ठणठणीत होते! जंतू निरोगी माणसाच्या घशातही राहतो. मग आजारी कोण पडतो?

पुढच्या शतकात याची यादी तयार होत गेली : तान्ही मुले, वृद्ध, हृदयरोगी, मधुमेही. दमा मात्र यादीबाहेरच राहिला. १९९७ च्या अमेरिकी लसीकरण-शिफारशींतही निव्वळ दम्याला जागा नव्हती.

२००५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २ ते ४९ वयाच्या ज्या ६३५ जणांच्या रक्तासारख्या एरवी जंतुरहित भागात न्यूमोकोकस शिरला होता, त्यांपैकी ११४ जणांना दमा होता. तुलनेसाठी घेतलेल्या ६,३५० जणांत दमेकरी होते ५१६. दोन्ही टक्केवाऱ्या वर्गात काढून घ्याव्यात. इतर कारणांचा हिशेब धरल्यावरही दमेकऱ्यांचा धोका दुपटीहून अधिक निघाला. २००८ मध्ये अमेरिकेत दमा असलेल्या प्रौढांना ही लस देण्याची शिफारस झाली.

असे का व्हावे? दम्यात श्वासनलिकांना सूज असते, चिकट कफ साचतो, जंतू बाहेर टाकणे अवघड होते. संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. मात्र धोका दुप्पट म्हणजे मोठा, असे नव्हे. त्याच अभ्यासात इतर कोणताही जुना आजार नसलेल्या आणि दमाही नसलेल्या लोकांत वर्षाला दर १०,००० मागे सुमारे १ रुग्ण आढळला. तीव्र दम्याच्या लोकांत सुमारे ४. म्हणून घाबरून नेहमीचे औषध किंवा इन्हेलर स्वतःहून बंद करू नये.

आपल्याकडे न्यूमोकोकसची लस बालकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये स्वतःची लसही आणली. पण आज वरच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक मुलांचे बालपण त्याआधीच सरले होते.

म्हणून शिक्षकांना आमचे एवढेच सांगणे : दमा असलेल्या मुलाला ताप भरला, छातीत दुखू लागले, धाप नेहमीपेक्षा वेगळी वाटली, तर "त्याचा नेहमीचाच दमा" म्हणून बसवून ठेवू नका. पालकांना बोलवा, डॉक्टरांकडे त्याच दिवशी पाठवा. ताप आलेला दमा वेगळा, हे जुने निरीक्षण आता आकड्यांच्या आधाराने आपल्या हाती आले आहे.