चोरघंटेच्या तारा

महाराष्ट्राच्या वीजव्यवहारात ‘लघुदाब’ म्हणजे घरोघरी येणारा 230 व्होल्टचा पुरवठा. परंतु धोक्याची घंटा, दूरध्वनी, कॅमेरे आणि संगणक यांच्या तारा जोडणाऱ्या तंत्रज्ञाचे काम त्याच्याही बरेच खाली, साधारणपणे 50 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाबावर चालते. या तारांचे मुख्य काम वार्ता पोचवण्याचे असल्यामुळे जर्मन भाषेत या शाखेला ‘क्षीण प्रवाहाचे तंत्र’ अशा अर्थाचे वेगळे नावच पडले.

या व्यवसायाचा उगम दूरध्वनीपेक्षा त्याआधीच्या चोरघंटेत शोधणे अधिक योग्य ठरते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस पोप याला 1853 मध्ये अशा घंटेचे पेटंट मिळाले. दार किंवा खिडकी उघडताच परिपथ, म्हणजे प्रवाहाचा फिरून येणारा मार्ग, पूर्ण होई आणि विद्युतचुंबकामुळे हातोडा घंटेवर आपटे. हे हक्क विकत घेऊन एडविन होम्स याने आधी बोस्टनमध्ये आणि मग न्यूयॉर्कमध्ये धंदा उभारला.

या रचनेत तार कापली की घंटा मुकी होई. म्हणून पुढे बंद परिपथाची पद्धत आली. तीत प्रवाह अखंड वाहत राही आणि तो तुटणे हाच इशारा ठरे. तार कापणारा चोर आता आपल्याच हाताने वर्दी देऊ लागला, पण त्याचा भार तंत्रज्ञावर पडला. अधूनमधून वाजणाऱ्या घंटेला लेक्लांशे नावाचा विद्युतघट पुरत असे, मात्र सतत वापरल्यास तो लवकर मंदावे. अखंड प्रवाहासाठी तांबे, जस्त आणि मोरचूद यांचा गुरुत्वघट लागे, आणि त्यात पाणी घालणे, झिजलेले जस्त बदलणे, काचपात्रातला तळचा निळा द्राव वरच्या रंगहीन द्रावात मिसळू न देणे ही नित्याची कामे होऊन बसली.

मे 1877 मध्ये होम्सच्या बोस्टन येथील कचेरीतून बँकांपर्यंत आधीच पोचलेल्या याच तारांना बेलचे दूरध्वनी जोडले गेले: दिवसा त्यांवरून बोलणे चाले आणि रात्री त्याच तारा राखण करीत. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे 28 जानेवारी 1878 रोजी व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, 28 जानेवारी 1882 रोजी, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील केंद्रे खुली झाल्याचे जाहीर करण्यात आले. दूरध्वनीच्या इतिहासात बेल आणि त्याचा सहायक वॉटसन यांना योग्य तो मान मिळाला आहे. तारा ओढणारे आणि घट सांभाळणारे मात्र अनामिक राहिले, ही त्या इतिहासलेखनातील मोठी उणीव मानावी लागते.

दूरध्वनी केंद्रांत 2 व्होल्टचे 24 शिसेघट जोडून 48 व्होल्ट मिळवण्याचा प्रघात पडला, आणि संगणकाच्या जाळ्याच्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज पुरवण्याचे मानक 2003 मध्ये ठरले, तेव्हाही आधारभूत आकडा तोच राहिला. बंद परिपथही टिकून आहे: आजच्या धोकासूचक यंत्रणेत तारेच्या शेवटच्या टोकाला ठरावीक मापाचा रोध, म्हणजे प्रवाहाला अडवणारा लहानसा घटक, बसवतात. तार कापली तर मोजलेला रोध अमर्याद वाढतो आणि दोन तारा एकमेकींना जोडल्या तर शून्यावर येतो, त्यामुळे दोन्ही प्रकारची लबाडी यंत्राच्या ध्यानात येते.