खानदेशच्या लढाया आणि १८५१ चे पदक : सेवानोंदीतील एका उणिवेचा विचार

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या पुढाकाराने १८५१ साली ‘आर्मी ऑफ इंडिया’ या नावाचे एक रौप्यपदक निघाले. ते १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी होते. म्हणजे ज्या पराक्रमाचा गौरव करावयाचा तो घडून पाव ते अर्धे शतक लोटले होते. पदकाच्या फिक्या निळ्या फितीवर लढाईचे नाव कोरलेली एक किंवा अधिक रुपेरी पट्टी बसविली जाई. अशा एकंदर एकवीस पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांच्या यादीत असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर व महिदपूर ही नावे आहेत. १८०३ च्या स्वारीत जिंकलेल्या असीरगडाचेही नाव आहे. १८१८ आणि १८१९ साली खानदेशात झालेल्या एकाही लढाईचे नाव मात्र तीत नाही. थाळनेर नाही, मालेगाव नाही, आणि असीरगडाचा दुसरा वेढाही नाही.

या अभावाला आजवर कोणी फारसे महत्त्व दिलेले दिसत नाही. पदकांचा अभ्यास हा संग्राहकांचा छंद मानला जातो आणि इतिहासकार त्याकडे सहसा वळत नाहीत. परंतु पदक हे नोंदीचे अखेरचे टोक असते. कोण कोणत्या दिवशी कोठे होता हे हजेरीपटावरून ठरवून मगच ते देता येते. म्हणून ज्या लढाईला पट्टी नाही त्या लढाईतील शिपायाचे नाव पुन्हा तपासून लिहिण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. कोरेगावचा शिपाई १८५१ साली कागदावर दुसऱ्यांदा येऊ शकत होता, मालेगावच्या शिपायाला ती सोय नव्हती.

प्रथम घटना पाहू. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख कंपनीकडे आला. तापीकाठचे थाळनेर त्यातच होते. सर टॉमस हिस्लॉप हा सेनापती सैन्यासह दक्षिणेकडे परतत असता २७ फेब्रुवारीस थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम याने किल्ला सोडण्यास नकार दिल्यावर तोफा सुरू झाल्या. पुढे दरवाजाशी बोलणे चालू असता गोंधळ उडून मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे दोघे अधिकारी मारले गेले. त्यानंतर किल्ल्यातील सुमारे तीनशे लोकांची सरसकट कत्तल झाली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. या कृत्यावर इंग्लंडच्या पार्लमेंटातही टीका झाली, आणि हिस्लॉपच्या सैन्याचे आभार मानताना हे प्रकरण वेगळे ठेवावे लागले. थाळनेरची पट्टी निघाली नाही ती याच लज्जेमुळे, असे अनुमान करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कारण मालेगावला अशी कोणतीही लज्जा आड येत नव्हती आणि तरीही त्याची पट्टी निघाली नाही.

मालेगाव त्या काळी खानदेशातच मोडत असे. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला तेव्हा ते तिकडे गेले. तेथील भुईकोटात अरब शिबंदी होती. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याने १८१८ च्या मे महिन्याच्या मध्यास वेढा घातला. २९ मे रोजी केलेला हल्ला फसला. नगरकडून आणखी तोफा व माणसे मागवावी लागली. जूनमध्ये किल्ल्यातील दारूकोठार उडाले तेव्हा कोठे शिबंदी शरण आली. जवळजवळ महिनाभर चाललेल्या या वेढ्यात कंपनीकडील मृत व जखमी दोनशेच्या घरात गेले. पेशवाईच्या अखेरच्या युद्धातील अधिक खडतर प्रसंगांत याची गणना केली पाहिजे. पट्टी मिळालेल्या कित्येक लढाया एका दिवसात, किंबहुना काही तासांतच, आटोपल्या होत्या.

भाषेच्या अभ्यासकाला मालेगावच्या शरणागतीत आणखी एक स्वारस्य आहे. आपणांस नीट वागविले जाईल असे लेखी आश्वासन अरबांनी मागितले आणि ते मराठीत लिहून देण्यात आले. त्या मराठी कागदाचा अर्थ इंग्रज सेनापतीला जे म्हणावयाचे होते त्याहून बराच व्यापक निघाला. वाद कमिशनर एल्फिन्स्टनपर्यंत गेला व त्याने शिबंदीला अनुकूल असा अर्थ ग्राह्य धरला. लेखकाने लिहिलेला शब्द हाच करार होय, बोलणाऱ्याचा हेतू नव्हे, हे तत्त्व येथे मान्य झाले. हजेरीपटावरील नावांना हेच तत्त्व लावले असता काय होते ते पुढे दिसेलच.

असीरगडाची गोष्ट तर विलक्षण म्हणावी लागेल. २१ ऑक्टोबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने हा किल्ला अल्पकाळात घेतला, त्याची पट्टी आहे. १८१९ साली तोच किल्ला शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने तीन आठवड्यांहून अधिक काळ लढविला. डव्हटन व माल्कम अशा दोन सेनानींना एकत्र यावे लागले आणि ९ एप्रिल रोजी किल्ला पडला. त्याला पट्टी नाही. एकाच गडाखाली लढलेल्या दोन शिपायांपैकी सोळा वर्षांपूर्वीचा गौरवास पात्र ठरला आणि नंतरचा, म्हणजे १८५१ साली जिवंत असण्याचा संभव ज्याचा अधिक, तो वगळला गेला.

पदकाच्या अटींचा विचार येथे अवश्य आहे. ते आपोआप मिळत नव्हते. मागणी करावी लागे, मागणारा हयात असावा लागे, आणि निदान एका पट्टीचा हक्क सिद्ध व्हावा लागे. पट्टीवाचून नुसते पदक नव्हते. यामुळे महिदपूर व थाळनेर अशा दोन्ही ठिकाणी असलेला शिपाई महिदपूरच्या नावाने पदक मागू शके, पण ज्याने केवळ मालेगावला गोळी झेलली त्याला काहीच मागता येत नसे. १८१८ साली वीस वर्षांचा असलेला तरुण आता त्रेपन्न वर्षांचा, पेन्शनीत निघालेला, बहुधा निरक्षर असा गृहस्थ होता. वेलिंग्टन तेव्हा हयात होता व त्याला असई, आडगाव व गाविलगड अशा तीन पट्ट्यांसह हे पदक मिळाले. एकंदर पदके सुमारे साडेचार हजार निघाली. तेवीस वर्षांच्या काळात हिंदुस्थानात लढलेल्या कंपनीच्या व राजाच्या फौजांच्या मानाने हा आकडा अगदीच किरकोळ आहे.

कंपनी शिपायांना पदके देण्यात कृपण होती असे मात्र नव्हे. तिने १७८४ सालीच हिंदी शिपायांना ‘डेक्कन’ पदक दिले होते. खुद्द इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात सर्व दर्जांच्या सैनिकांना सरसकट पदक मिळण्यास वॉटर्लूची वाट पाहावी लागली. प्रश्न औदार्याचा नव्हता. लढाई कोणती आणि चकमक कोणती हे ठरविणाऱ्या यादीचा होता. ती यादी बनविणाऱ्यांच्या दृष्टीने पेशवे, भोसले व होळकर यांच्याशी झालेल्या थेट मुकाबल्याने युद्ध संपले. त्यानंतरचे खानदेशातील काम हे मुलूख ‘बसविण्याचे’ काम होते. खानदेशचा इतिहास सांगताना हाच दृष्टिकोन नकळत पुढे चालत आला आहे. जेम्स औट्रमने १८२५ पासून उभारलेली, धरणगावी ठाणे असलेली भिल्ल पलटण हीदेखील लष्करापेक्षा बंदोबस्ताच्या सदरात पडली व कालांतराने पोलिसांत विलीन झाली. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या भिल्लांविरुद्ध झालेली लढाई तर दोन्ही बाजूंनी भिल्लांनी लढली. तीतील एका बाजूची नावे आरोपपत्रांत आणि दुसरीची हजेरीपटांत शोधावी लागतात. स्वतः खाज्या नाईकाचे नाव इंग्रजी कागदांत ‘कजरसिंग’ असे येते, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची हे आधीच ठाऊक नसलेला वाचक दोन माणसे मोजील.

नावांचा हा प्रश्न गौण नाही. पट्ट्यांवरील स्थलनामेच पाहावीत. आडगावचे ‘आर्गॉम’ झाले, कारण मराठी ‘ड’ दोन स्वरांमध्ये आला की इंग्रजी कानाला ‘र’ सारखा ऐकू येतो. कोरेगावचे ‘कोरिगॉम’ झाले. त्यातील अंत्य ‘म’ हा लेखकाचा प्रमाद नसून ‘गांव’ मधील अनुनासिकाची साक्ष आहे; आज तो उच्चार शिष्ट मराठीत जवळपास लोपला आहे. थाळनेर ‘टालनेर’ असे लिहिले गेले. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळा हा ‘डोया’ व जळगाव हे ‘जयगाव’ होते. त्याच न्यायाने स्थानिक मनुष्य थायनेर म्हणेल. इंग्रजी कागदांत ‘ल’ टिकला, त्या अर्थी हे नाव गावकऱ्याच्या तोंडून न येता छावणीबरोबर फिरणाऱ्या मराठी किंवा दखनी बोलणाऱ्या कारकुनाच्या लेखणीतून आले असावे. ग्रिअर्सनने खानदेशीचा अभ्यास भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर १९०७ साली छापला. म्हणजे हजेरीपट लिहिले गेले तेव्हा या प्रदेशातील उच्चार टिपण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नव्हती.

व्यक्तिनामांत हा घोटाळा अधिक घातक ठरतो. कोरेगावच्या स्तंभावर मृतांची नावे कोरली आहेत. तेथील ‘नाक’ हा महार शिपायांच्या नावांतील अंत्यपद आजही ओळखू येतो, आणि याच अंत्यपदाच्या आधारे त्या समाजाने आपल्या सैनिकी सेवेचा पुरावा पुढे मांडला. स्तंभ नसता, किंवा नावे केवळ संख्येने दिली असती, तर हा पुरावा उरला नसता. ही निव्वळ कल्पना नव्हे. १९२९ साली पुऱ्या झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेले ब्रिटिश सैनिक व हिंदी अधिकारी नावानिशी आहेत, पण सामान्य हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली केवळ आकड्याने दाखविले गेले. कुतच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या, हे महाराष्ट्रातील वाचकाने विसरू नये. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदाची कबुली २०२१ साली आपल्या अहवालात दिली. त्याच महायुद्धाचे सेवापदक लढणाऱ्यांना चांदीचे आणि बिगारी व मजूर तुकड्यांतील लोकांना काशाचे मिळाले होते.

स्वतंत्र भारतात पद्धत बदलली, तरी तत्त्व तेच राहिले. सैनिकाची सेवा त्याच्या ‘शीट रोल’ वर असते आणि तीत भर पडते ती तुकडीने काढलेल्या ‘पार्ट टू ऑर्डर’ मुळे. १९७१ च्या युद्धानंतर पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम मेडल ही पदके निघाली. एखाद्याच्या बाबतीत असा आदेश निघालाच नाही, अथवा बदलीच्या धांदलीत अभिलेख कार्यालयात पोचला नाही, तर तो सैनिक सीमेवर होता हे त्याचे सारे गाव जाणत असले तरी कागद जाणत नाही. धुळे किंवा जळगाव येथील माजी सैनिक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करतो. तो तोफखान्याचा असल्यास नाशिक रोडला, मराठा पलटणीचा असल्यास बेळगावला, महार पलटणीचा असल्यास सागरला जातो. दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. आणि येथेही सोनवणे हे आडनाव एका कागदावर ‘व्ही’ ने व दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ ने लिहिलेले असले की जुळणी अडते. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील अभिलेखागाराला आग लागून सोळा ते अठरा दशलक्ष सैनिकी फायली जळाल्या. तेव्हापासून तेथे वेतनपट व रुग्णालयीन कागद यांसारख्या दुय्यम साधनांवरून सेवा पुन्हा सिद्ध करण्याची पद्धत रूढ झाली. १८१८ च्या खानदेशासाठी नेमकी हीच पद्धत योग्य आहे, कारण मूळ पदकयादी नसल्यामुळे दुय्यम साधनांवाचून गत्यंतर नाही.

हे काम मराठीच्या अभ्यासकाला एकट्याने करता येणार नाही. थाळनेर व मालेगावपुढे असलेल्या फौजेत मद्रास सैन्याचा वाटा मोठा होता. मृत शिपायांची नावे तेलुगू, तमिळ व दखनी मुसलमानी वळणाची असणार, आणि ती रोमन लिपीत अशा कारकुनांनी उतरविलेली असणार की ज्यांना ना त्या भाषा येत होत्या ना खानदेशची. मद्रास सैन्याचे कागद चेन्नईच्या अभिलेखागारात आणि लंडनच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. त्यांत मालेगाव हे ‘मल्लिगॉम’, थाळनेर हे ‘टालनेर’ आणि खानदेश हा ‘कॅन्डीश’ या नावांखाली शोधावा लागतो. गॉर्डन व मॅकग्रेगर यांची नावे थाळनेरच्या प्रत्येक वृत्तांतात सापडतात. त्या दरवाजाशी त्यांच्यामागे उभे असलेल्या शिपायांची नावे असतील तर ती याच हजेरीपटांत, त्या महिन्याच्या पानावर.