तारेंतून हस्ताक्षर

भिवपुरीचें नांव निघालें कीं आम्हांस तेथील वीजगृह आठवतें. घाटमाथ्यावर ठोकरवाडीस अडविलेलें आंध्रा नदीचें पाणी नळांतून खालीं आणून येथें १९२२ सालीं वीज होऊं लागली व तारांवरून मुंबईस गेली. निरोपांच्या तारा त्यापूर्वींच देशभर पसरल्या होत्या. परंतु त्यांतून जाणारा मराठी निरोपही दीर्घकाळ रोमन वर्णांत घालावा लागे. मजकूर पोंचे, हस्ताक्षर मागें राही.

हस्ताक्षरच पाठविण्याची युक्ति स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यानें १८४३ सालीं शोधिली होती. फॅक्स कागदाचें चित्र पाठवितो. म्हणून त्यास देवनागरी, मोडी व सही हीं सर्व सारखींच.

आपल्याकडे इंटरनेट १९९५ सालीं लोकांस खुलें झालें. पुढें १९९८ च्या टी. ३८ या आंतरराष्ट्रीय नियमानें फॅक्सचें चित्र लहान तुकड्यांनीं इंटरनेटवरून जाऊं लागलें. वाटेंत तुकडा हरवल्यास ओळ तुटूं नये, म्हणून मागील तुकडा पुढच्याबरोबर पुन्हां धाडण्याची सोय तींत ठेविली आहे.

सरकारी तारसेवा २०१३ सालीं संपली. फॅक्सही विरळ झाला. तथापि भिवपुरीहून कोणी सहीचा कागद मोबाईलवरून मुंबईस धाडतो, तेव्हां बेनचीच कल्पना चालू असते. आपल्या लिपीस परकीं अक्षरें घ्यावीं लागत नाहींत, हा लाभ आम्हांस लहान वाटत नाहीं.