रापण आणि उथळ पाण्याचा हक्क

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले गाव अरबी समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत आहे. तरीही समुद्र त्या मुलखाला अगदीच परका नाही, कारण मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, आणि सुके बोंबील यांचे ढीग ज्वारी-मिरचीच्या शेजारीच मांडलेले असतात. हा माल मुख्यतः उत्तर कोकणातला, डोल नावाच्या जाळ्यात सापडणारा. दक्षिण कोकणात, मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, मासेमारीचा संसार वेगळ्याच जाळ्यावर उभा राहिला. त्या जाळ्याला रापण म्हणतात, ते ओढणाऱ्यांना रापणकार म्हणतात, आणि पावसाळा ओसरल्यापासून थंडी सरेपर्यंत किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कोणी, केव्हा आणि कोणत्या हक्काने मासे धरावेत याचा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या या जाळ्याभोवतीच्या रिवाजाने केला.

एकाच कोकणात दोन जाळी का रुजली, याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत भरतीची उंची पाच मीटरच्या घरात जाते आणि उत्तरेकडे खंबायतच्या आखाताच्या दिशेने ती आणखी वाढते; पाण्याची ही ओढ इतकी जोरकस असते की समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधून ठेवले, की प्रवाहच मासे आणून त्यात भरतो. डोल ती हीच. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन मीटरच्या आसपास राहतो, प्रवाह मंद असतो आणि मऊ वाळूचा तळ हळूहळू उतरत जातो. अशा पाण्यात जाळ्याने माशाची वाट पाहत बसून भागत नाही. जाळे माशाभोवती फिरवून वाळूवर ओढून आणावे लागते, आणि त्यासाठी खडक नसलेली लांब पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, व पुष्कळ हात लागतात.

हंगामाचे गणितही पाण्यातच आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात आणि ते खाण्यासाठी बांगडे व तारली यांचे थवे किनाऱ्याकडे सरकतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागतो. पुढे थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, लाटा बसतात आणि लहान होडीलाही फुटत्या लाटांची भीती न बाळगता पाण्यात उतरता येते. मासा उथळ पाण्यात येणे आणि ते पाणी माणसाला वावरण्याजोगे होणे, या दोन्ही गोष्टी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुमारास एकत्र जुळून येतात. बांगड्याची आवक वर्षागणिक फार वरखाली होते, त्यामुळे एखादे वर्ष भरभराटीचे तर पुढचे कोरडे जाते. रापणीतला वाटणीचा रिवाज या अनिश्चिततेला धरूनच घडला असावा.

जाळ्याची रचना साधी असली तरी आकार मोठा असतो. शेकडो मीटर लांबीच्या या जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगण्यासाठी बोये आणि खालच्या दोरीला तळाशी टेकण्यासाठी वजने लावलेली असतात. मधला भाग दाट विणीचा, तर दोन्ही बाजूंचे पंख विरळ विणीचे असतात. नायलॉन येण्यापूर्वी ही जाळी सणाच्या वा सुताच्या दोऱ्याची विणली जात आणि खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात वेळोवेळी बुडवून वाळवली जात, त्यामुळे जाळे जपणे हे मासे धरण्याइतकेच कष्टाचे काम होते. थवा कुठे आहे हे तांडेल, म्हणजे नावेचा व चमूचा म्होरक्या, पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरची थरथर आणि पक्ष्यांच्या झेपा यांवरून ओळखतो. मग जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मंडळींच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसऱ्या टोकाची दोरी बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणून पोहोचवते. त्यानंतर दोन्ही टोकांवर दोन रांगा ओढू लागतात. पाय वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एका लयीत दोरी खेचली जाते. मागे पोहोचलेला माणूस दोरी सोडून पुढे पाण्याजवळ येतो आणि पुन्हा धरतो, आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत जातात, कारण तसे झाले नाही तर जाळ्याचे तोंड उघडे राहून मासा निसटतो. शेवटी मधला दाट भाग गुडघाभर पाण्यात येतो तेव्हा काही जण आत उतरून खालची दोरी पायांनी दाबून धरतात, जेणेकरून मासा तळाखालून जाऊ नये. या कामाला एक-दोन तास सहज लागतात, आणि कित्येकदा इतक्या श्रमांनंतर हाती येते ते मूठभर मासे आणि पुष्कळसे शेवाळ.

वाटणी याच वाळूवर होते. मिळकतीचे काही वाटे जाळ्याचे, काही होडीचे आणि उरलेले दोरी ओढणाऱ्या हातांचे. कुटुंबांनी मिळून जाळे उभारलेले असेल, तर ज्याने जाळ्याचा जितका भाग घातला तितका त्याचा जाळ्यापोटी हक्क. स्वतःची होडी किंवा जाळे नसलेला गावकरीही दोरीला हात लावून वाट्याचा धनी होई, ही या रिवाजातली सर्वांत मोलाची बाब मानावी लागेल. एकाच पुळणीवर एकाहून अधिक रापण संघ असले, तर जाळे टाकण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत आणि एका संघाचे जाळे पाण्यात असताना दुसऱ्याने त्याच्या वाटेत शिरू नये हा नियम मोडणे म्हणजे साऱ्या गावाशी वैर घेणे होते. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर हा व्यवसाय प्रामुख्याने गाबीत समाजाचा, ज्या समाजातील खलाशांनी मराठ्यांच्या आरमारातही चाकरी केली. गोव्यात हिंदू खारवी आणि ख्रिस्ती रापणकार दोघेही तो करीत आले. मासे हाती आले की पुढची सूत्रे बायकांकडे जात. ताजा माल डोक्यावरून आसपासच्या गावांत विकणे, उरलेला चिरून मीठ लावून खारवणे, वाळवणे आणि त्याचा भाव ठरवणे ही कामे त्यांचीच होती, आणि हाच खारा बांगडा फोंडाघाट व रामघाटाने वर चढून कोल्हापूर-बेळगावकडच्या बाजारांत जाई.

या घाटावरच्या व्यापाराला इंग्रजी अमदानीतील मीठकराने मोठा अडसर घातला, कारण मीठ महाग झाले की मासे खारवणे परवडेनासे होते. पश्चिम किनाऱ्यावर मासे खारवण्यासाठी सरकारी आवारे उघडून तेथे सवलतीच्या दराने मीठ देण्याची व्यवस्था पुढे झाली खरी, परंतु त्यासाठी माल सरकारी देखरेखीखाली आणावा लागे. समुद्रातल्या हक्कांत मात्र त्या सरकारने फारसे लक्ष घातले नाही. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. कोणत्या पाण्यात कोणाचे जाळे पडावे हा प्रश्न गावाच्या रिवाजावरच राहिला आणि बिनयंत्राच्या होड्यांच्या काळात तो रिवाज पुरेसाही होता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. मासेमारीचे यांत्रिकीकरण हे सरकारी धोरण झाले, कर्जे व अनुदाने मिळू लागली आणि कोळंबीला परदेशी बाजारात भाव आल्याने तळ खरवडत जाणारे ट्रॉलर, म्हणजे यंत्राच्या जोरावर जाळे ओढणाऱ्या नौका, कोळंबीच्या मागे थेट किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरू लागले. रापणीच्या पाळ्या मानण्याचे त्यांना कारण नव्हते. गोव्यात 1970 च्या दशकात रापणकार संघटित झाले, माथानी साल्ढाणा यांनी त्यांचे नेतृत्व केले आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवावा ही मागणी तेथून देशभर पोहोचली. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीनंतर किनारी राज्यांकडे नमुना विधेयक पाठवले गेले. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1980 चा आणि महाराष्ट्राचा 1981 चा. सिंधुदुर्ग जिल्हाही 1 मे 1981 रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, म्हणजे नवा जिल्हा आणि नवा कायदा दोन्ही एकाच वर्षातले.

गोव्यात राखीव पट्टा किनाऱ्यापासूनच्या अंतरावरून ठरला, तर महाराष्ट्रात तो पाण्याच्या खोलीवरून, पाच आणि दहा वावांच्या मापांत ठरवला गेला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे सुमारे सहा फुटांचे माप. कायद्याने या रेषा आखल्या, ही रापणकारांच्या लढ्याची मोठी कमाई होय. परंतु रिवाजात पाण्याचा हक्क आणि श्रमाचा वाटा या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, आणि कायद्याने त्यांपैकी पहिलीच उचलली. शिवाय जुन्या पाळीची राखण पुळणीवर उभा असलेला सारा गाव करीत असे, तर नव्या रेषेची राखण मोजक्या गस्तीनौकांवर आणि अधिकाऱ्यांवर आली.

पुढचा आघात पर्ससीन जाळ्याने केला. हे जाळे थव्याभोवती पाण्यातच गोल टाकून तळाची दोरी ओढतात, त्यामुळे ते बटव्यासारखे मिटते आणि सगळा थवा एकाच वेळी उचलला जातो. कर्नाटकात 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पसरले आणि तेथील रापणी झपाट्याने मोडल्या. महाराष्ट्रात हीच झळ मालवणलाही लागली. ट्रॉलरशी रापणीची झुंज उथळ तळासाठी होती. पर्ससीनने मात्र बांगडा-तारली उथळ पाण्यात येण्याआधीच गाठली, म्हणून केवळ किनाऱ्याचा पट्टा राखून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. दीर्घ संघर्षानंतर राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीनवर कठोर निर्बंध घातले आणि या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर इतकीच मुदत ठेवली. ही मुदत रापणीच्या ऐन हंगामावरच पडते, आणि रापणकारांची तक्रार समजून घ्यायची तर हे लक्षात ठेवावे लागते. 2017 मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांनी मासे आकर्षून पकडण्यास बंदी केली, आणि 2021 मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा दुरुस्त करून दंडाच्या रकमा वाढवल्या.

रापणीला पाण्याइतकीच वाळू लागते, आणि तीही आता निर्विवाद राहिलेली नाही. 1987 मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्याला मच्छीमारांनी आपला हक्क जाईल या भीतीने विरोध केला. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि तारकर्ली-देवबागच्या ज्या पुळणीवर जाळी सुकत होती, तेथे न्याहारी-निवासाची घरे व जलक्रीडेच्या नौका आल्या. पुष्कळ मच्छीमार कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळते, त्यामुळे हा बदल केवळ बाहेरून लादला गेला असे म्हणता येत नाही. तरुणांना दोरीच्या अनिश्चित वाट्यापेक्षा पर्यटकांची नौका भरवशाची वाटली, तर त्यात त्यांचा दोष नाही. रापण संघ अजून आहेत, थंडीत जाळी पडतात, दोरीला हात लावणाऱ्या पर्यटकाला प्रसंगी चार बांगडेही मिळतात. मात्र ओढणाऱ्यांची संख्या रोडावत चालली आहे, आणि पुरेसे हात जमले नाहीत त्या दिवशी थवा समोर दिसत असूनही होडी पाण्यात घालता येत नाही.