सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्कलिंग, स्कुबा: पाण्यात उतरण्याआधी हे वाचा

मालवण जेट्टीवरून होडीने किल्ल्यात जायचं, तट बघायचा नि परत यायचं, एवढंच बरेच जण करतात. पण ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच्या भोवतालच्या खडकांवर पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहे. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात येतो.

स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क लावून वरच तरंगायचं. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून जमतं.

स्कुबाचं तसं नाही. पाठीवर टाकी असते. तिच्यात साधी हवाच दाबून भरलेली असते, नुसता ऑक्सिजन नव्हे. खाली जाताना कान दडपले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. तरीही दुखलं तर खूण करून वर या, लाजू नका. सगळ्यात महत्त्वाचं, वर येताना श्वास रोखायचा नाही. दाब कमी होताच फुप्फुसातली हवा फुगते आणि जिवावर बेतू शकतं. सर्दी, दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी स्कुबा करूच नये.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. शक्यतो सकाळी जा.

प्रवाळावर उभं राहू नका, तुकडा तोडू नका. नांगर प्रवाळावर पडत असेल तर होडीवाल्याला तिथंच सांगा.

आणि चिपीहून विमान पकडायचं असेल, तर स्कुबानंतर 18 तास जाऊ द्या.